मोडलेल्या हाडाचे मोल

माझ्या लहानपणी शिवाजी पेठेत हाड मोडणे ही फार मोठी गोष्ट समजली जात नसे. ज्या पेठेत गल्लीगल्लीला तालीम आणि घरटी एक लंगोट चढवणारा, तिथे खांदा निखळणे, मनगट मुरगळणे, बरगडीला चीर जाणे हे पावसाळ्यात पडसे यावे तसे चालायचेच. १९१२ साली शाहू महाराजांनी खासबाग मैदान बांधले, तेव्हापासून कोल्हापूरला कुस्तीचा जो नाद लागला त्याची ही फुटकळ किंमत होती आणि ती कोणी कुरकुर न करता मोजीत असे. दवाखाना दूर नव्हता. पण वस्ताद त्याहून जवळ होते.

वरुणतीर्थ वेशीकडच्या एका तालमीत असे एक वस्ताद संध्याकाळचे कट्ट्यावर बसत. बांबूच्या कामट्या, जुन्या धोतराच्या पट्ट्या आणि तेलाची वाटी एवढाच त्यांचा सरंजाम. मी त्यांच्याकडे दोनदा गेलो, एकदा स्वतःचे कोपर घेऊन आणि एकदा धाकट्या भावाचा घोटा घेऊन. आलेल्या माणसाला ते प्रथम 'कुठं दुखतंय' असे कधी विचारत नसत. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "काम काय करतोस, मर्दा?" कारकुनाचे मनगट आणि पैलवानाचे मनगट ही त्यांच्या लेखी दोन वेगळी हाडे होती. मला तेव्हा या प्रश्नाचे हसू येई. मोडलेले हाड ते हाड, त्याला धंदा कसला? पुढे चाळीस वर्षे मी एका वकिलांच्या कचेरीत कारकुनी केली आणि न्यायालयाला हाच प्रश्न विचारायला शिकण्यासाठी किती काळ लागला, ते कागदांतून पाहिले.

वस्तादांची विद्या आडगावची नव्हती. सुश्रुताने निदानस्थानात निखळलेल्या सांध्यांचे सहा प्रकार आणि मोडलेल्या हाडांचे बारा प्रकार सांगितले आहेत. घोड्याच्या कानासारखे उभे राहिलेले हाड ते 'अश्वकर्ण', भुगा झालेले ते 'चूर्णित', अशी त्यांची नावे आहेत. अवयव हलू नये म्हणून रोग्याला फळीवर निजवून खुंट्यांनी जखडण्याची 'कपाटशयन' नावाची युक्तीही तिथे आहे. युरोपात माथायसेन या डच लष्करी डॉक्टराने १८५२ साली प्लास्टरची पट्टी काढली आणि १८९५ साली राँटगेनला क्ष-किरण सापडले. तेव्हापासून हाडाला डोळा फुटला असे म्हणावे. तोवर जगातल्या सगळ्याच वस्तादांचे काम बोटांच्या टोकांवर चाले.

पण एका जागी आमचे वस्ताद हात आखडता घेत. "कण्याला मी शिवत न्हाई. थोरल्या दवाखान्यात न्या." थोरला दवाखाना म्हणजे आताचे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, ज्याला सारे कोल्हापूर सी. पी. आर. म्हणते. मेजर मँट या इंग्रज वास्तुविशारदाच्या आराखड्यावर उभारलेली ती इमारत आल्बर्ट एडवर्डच्या नावाने सुरू झाली होती. हे सगळे एवढ्यासाठी सांगितले की १९६४ साली माझ्या मामांना वस्तादांनी असेच परत पाठवले.

मामा गुळाच्या पेठेत हमाल होते. शाहूपुरीत गुळाचे रवे पाठीवर घेऊन चढायचे आणि उतरायचे, हा त्यांचा दिवस. एका सकाळी रंकाळा वेशीच्या वळणावर एका व्यापाऱ्याच्या मोटारीने त्यांची सायकल उडवली. पेठ हाकेच्या अंतरावर, तेव्हा धावून आलेल्या माणसांनी त्यांना हातापायांना धरून उचलले, घोंगडीची झोळी केली आणि आधी घरी, मग तालमीत आणि अखेर दवाखान्यात असे तीन ठिकाणी फिरवले. सगळी जीव लावणारी माणसे. कण्याला मार बसलेल्याला असे दुमडून उचलू नये, सपाट फळीवर सरळ ठेवून न्यावे, हे आज शाळकरी मुलालाही प्रथमोपचारात शिकवतात. त्या दिवशी ते कोणाला ठाऊक नव्हते. कमरेचा एक मणका दबला होता आणि उजव्या खुब्याचा सांधा निखळला होता. त्या झोळीने त्यात किती भर घातली, याचा हिशेब पुढे कोणी मांडला नाही.

आता कायद्याकडे वळतो.

रस्त्यावर मोटारीने माणूस मरण्याचा जो पहिला गाजलेला प्रसंग, तो लंडनमधला, १७ ऑगस्ट १८९६ चा. ब्रिजेट ड्रिस्कॉल नावाची बाई क्रिस्टल पॅलेसच्या आवारात मोटारीखाली सापडली. असे पुन्हा कधी न घडो, अशी आशा तिथल्या मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने बोलून दाखवली म्हणतात. बिचाऱ्याला काय माहीत! पण अपघाताच्या भरपाईचा कायदा मोटारीहून जुना आहे, तो आगगाडीचा. इंग्लंडमध्ये १८४६ साली लॉर्ड कॅम्बेलचा कायदा झाला आणि त्याच्या धर्तीवर आपल्याकडे १८५५ चा प्राणांतिक अपघातांचा कायदा आला. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी धावून तेव्हा दोन वर्षे झाली होती. या कायद्यात एक गंमत आहे, क्रूर म्हणावी अशी. माणूस मेला तर त्याच्या बायकामुलांना भरपाई मागता येई. पण मोडक्या पाठीने जिवंत राहिला तर त्याच्यासाठी त्यात एक अक्षर नव्हते. त्याने सामान्य दिवाणी दावा लावावा.

फौजदारी कायद्याला मात्र हाड दिसत होते. १८६० च्या दंडसंहितेत 'गंभीर दुखापती'च्या यादीत हाड अगर दात मोडणे किंवा निखळणे, हे एकाच कलमात बसवले होते. मांडीचे हाड आणि पुढचा दात कायद्याच्या तराजूत शेजारी शेजारी! त्याच यादीच्या शेवटी वीस दिवस तीव्र वेदना होणे किंवा नेहमीची कामे करता न येणे, हेही होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत त्या विसाचे पंधरा झाले आहेत. दात तिथेच आहे. पण दंडसंहिता मोटार हाकणाऱ्याला शिक्षा देते, मोडलेल्याच्या घरात चूल पेटवीत नाही.

जे हाड दिसते त्याचे असे. न दिसणाऱ्या दुखण्याचे काय? १८६६ साली लंडनचे शल्यविशारद एरिकसन यांनी आगगाडीच्या अपघातांत कण्याला बसणाऱ्या धक्क्यावर व्याख्याने छापली आणि 'रेल्वेचा कणा' असे एक दुखणेच न्यायालयांत अवतरले. बाहेरून जखम नाही, पण माणूस वाकू शकत नाही, झोपू शकत नाही. रेल्वे कंपन्यांना वाटे की सोंग आहे. एका रेल्वेचे शल्यचिकित्सक असलेल्या हर्बर्ट पेज यांनी १८८३ साली त्यावर उलट ग्रंथ लिहिला. भरपाई मागणाऱ्याचा डॉक्टर एक सांगणार आणि देणाऱ्याचा डॉक्टर दुसरे, हा जो तमाशा आज कोणत्याही न्यायाधिकरणात पाहायला मिळतो, त्याची नांदी तिथली. मामांच्या पाठीवर एक ओरखडा नव्हता. पेठेतली दोन माणसे तरी मला आठवतात, जी म्हणत, "पैशासाठी लोळतोय."

दिवाणी दाव्याची वाट कशी होती? जितकी रक्कम मागायची तितक्या प्रमाणात आधी स्टँप भरायचा. ज्याचा हात कमवायचा थांबला त्याने आधी पैसे मोजायचे, किंवा नादार ठरवून घेण्याचा अर्ज करून आपल्या दारिद्र्याचा पंचनामा करून घ्यायचा. त्यानंतर निष्काळजीपणा सिद्ध करायचा. आणि सिद्ध झाला तरी मोटारवाल्याकडे पैसे असले तर मिळणार. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने तिऱ्हाइताच्या इजेसाठी विमा सक्तीचा केला खरा, पण ते प्रकरण अमलात यायला १ जुलै १९४६ उजाडला. तोही ब्रिटिश मुलखात. कोल्हापूर हे संस्थान, त्याचे कायदे निराळे आणि हायकोर्टही स्वतःचे. १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, तेव्हा ते हायकोर्ट गेले.

खरी वाट मोकळी झाली ती १९५६ च्या दुरुस्तीने. तिने मोटार अपघात दावा न्यायाधिकरण नावाची स्वतंत्र व्यवस्था आणली. साधा अर्ज, थोडक्यात चौकशी, आणि विमा कंपनी सरळ समोर. मेलेल्याचे वारस आणि जिवंत जायबंदी एकाच दारातून आत जाऊ लागले. शंभर वर्षांनी का होईना, अंथरुणावर पडलेला माणूस कायद्याला दिसला. मात्र दारावर एक पाटी होती की अपघातापासून साठ दिवसांच्या आत यावे.

साठ दिवस! मामांचे पहिले सहा आठवडे दवाखान्यात वजने बांधून उताणे पडण्यात गेले. मामी दिवसभर तिथे आणि रात्री परत येऊन चार घरची भांडी. न्यायाधिकरण नावाची वस्तू जगात आहे, हे आमच्या वाड्यात एकालाही ठाऊक नव्हते. या मुदतीत घरी आला तो एकच गृहस्थ, मोटारमालकाकडचा. फार गोड बोलला. त्याने तीनशे रुपये मामींच्या हातावर ठेवले आणि एका कागदावर मामांचा अंगठा घेतला. नव्वद दिवस उलटल्यावर कोणीतरी सुचवले म्हणून माझे वडील एका वकिलांकडे गेले. वकिलांनी तारखा मोजल्या, कागद पाहिला, मान हलवली आणि फी घेतली नाही. ती गोष्ट वडील मोठ्या कौतुकाने सांगत.

पुढे कारकून झाल्यावर एका दुपारी मी ते कलम मुळातून वाचले. साठ दिवसांच्या खाली एक परंतुक होते. पुरेसे कारण असेल तर मुदतीनंतरही अर्ज घेता येईल. खुब्याला वजन बांधून उताणे पडलेला माणूस, याहून पुरेसे कारण कोणते असते? आणि अंगठ्याचा तो कागद? कशाची पावती आहे ते अंगठा देणाऱ्याला वाचून दाखवले होते का, एवढा एक प्रश्न विचारला असता तर त्याचे काय झाले असते, सांगता येत नाही. विचारणारे कोणी नव्हते. १९६९ साली साठ दिवसांचे सहा महिने झाले. मामा तेव्हा काठी टेकीत रंकाळ्यापर्यंत जाऊ लागले होते. रवा मात्र त्यांनी परत कधी उचलला नाही. १९८३ साली ते गेले, तोवर मामी कमावत होत्या.

त्यांच्या हयातीतच वारे थोडे फिरले होते. मुंबईच्याच एका दाव्यात १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने मोटारवाल्याचा निष्काळजीपणा सिद्ध केल्याखेरीज भरपाई नाही, असा दंडक घातला. पण रस्त्यावर पडलेल्याने साक्षीदार आणायचे कुठून? १९८२ साली संसदेने दोष कोणाचाही असो, मृत्यूला पंधरा हजार आणि कायमच्या अपंगत्वाला साडेसात हजार रुपये द्यावेत असे ठरवले. १९८८ च्या नव्या कायद्यात हे आकडे पंचवीस आणि बारा हजार झाले, १९९४ साली पन्नास आणि पंचवीस हजार. त्याच वर्षी मुदतीची अट पूर्ण उडाली. २०१९ च्या दुरुस्तीने ती सहा महिन्यांची होऊन परत आली, १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली, आणि ती योग्य की नाही हा वाद सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. कायद्याची ही ये-जा पाहिली की मला झोपाळ्याची आठवण होते. बसलेल्याला मजा, खाली उभ्या असलेल्याच्या कपाळाला फळी.

रक्कम ठरवायची कशी, हा खरा अवघड भाग. १९९५ च्या हट्टंगडी निवाड्यात मुंबईचेच एक वकील फिर्यादी होते. मुंबई-पुणे रस्त्यावरच्या अपघातात त्यांचे कमरेखालचे अंग गेले होते. सर्वोच्च न्यायालयाने तिथे नुकसानीचे दोन ढीग केले. एकात औषधपाणी, बुडालेली कमाई आणि पैशात मोजता येणारे सगळे. दुसऱ्यात वेदना, चालता, धावता, बसता न येण्याचे दुःख, घटलेले आयुष्य, रोजची ओढाताण. दुसरा ढीग तराजूत घालता येत नाही, पण नाही म्हणून सोडताही येत नाही.

आणि १८ ऑक्टोबर २०१० रोजी राजकुमार विरुद्ध अजयकुमार या दाव्यात न्यायमूर्ती रवींद्रन यांनी तो प्रश्न विचारला, जो आमचे वस्ताद कट्ट्यावर बसून विचारीत. डॉक्टरने दिलेला अपंगत्वाचा टक्का म्हणजे कमाई बुडाल्याचा टक्का नव्हे, असे त्यांनी सांगितले. एकाच प्रकारे डावा हात गेलेला सुतार किंवा ड्रायव्हर जवळजवळ शंभर टक्के बुडतो, पण सरकारी कचेरीतल्या कारकुनाची नोकरी टिकली तर त्याच्या कमाईत घट नसेलही. तेव्हा आधी पाहायचे की माणूस काय काम करीत होता, मग आता तो काय करू शकतो. हा निवाडा मी टाइप केलेल्या प्रतीवरून वाचीत होतो. समोर टेबलावर चहा होता, तो गार झाला.

हिशेबाची रीत सांगतो, कारण दिवाळीच्या फराळाला बसलेल्या घरांतही एखादा असा माणूस असेल. २००९ च्या सरला वर्मा निवाड्याने वयाप्रमाणे गुणक ठरवून दिला आहे. पंचविशीपर्यंत अठरा, चाळिशीला पंधरा, पन्नाशीला तेरा, असा तो उतरत पासष्टीपुढे पाचावर येतो. समजा आजचा एक चाळीस वर्षांचा हमाल महिन्याला पंधरा हजार मिळवतो आणि त्याची काम करण्याची ताकद साठ टक्के गेली. वर्षाचे एक लाख ऐंशी हजार, त्याचे साठ टक्के म्हणजे एक लाख आठ हजार, गुणिले पंधरा म्हणजे सोळा लाख वीस हजार. दवाखाना, वेदना, पुढची शस्त्रक्रिया हे निराळे. मामांच्या पाठीला साठ नव्हे, शंभर टक्के लावावे लागले असते. ज्याचे काम पाठीवर ओझे घेण्याचे, त्याची पाठ गेल्यावर उरले काय?

मामींचे मोल कायद्याला त्याहून उशिरा सुचले. घरच्या बाईने अंग पुसायचे, कूस बदलायची, रात्री उठायचे, हे फुकटच समजले जाई. २०२० साली काजल नावाच्या मुलीच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने सांभाळणाऱ्या माणसांचा खर्चही गुणक लावून, जन्माचा हिशेब धरून द्यावा, असे केले. आणखी एक जुना अन्याय २०१९ च्या दुरुस्तीने गेला. पूर्वी जखमी माणूस दावा चालू असताना दुसऱ्या कशाने मेला तर अंगाच्या इजेचा दावा त्याच्याबरोबर सरणावर जाई. आता तो वारसांकडे येतो. वर्षानुवर्षे तारखा पडणाऱ्या देशात ही सुधारणा किती मोठी, ते ज्याने तारखा घेतल्या आहेत त्यालाच कळेल.

कायदा चांगला झाला तरी तो सांगणारा माणूस दारात यावा लागतो. कोल्हापूरला याची जाण नव्हती असे नाही. अस्पृश्य मानलेल्या तरुणांना शाहू महाराजांनी वकिलीच्या सनदा दिल्या, त्यात 'आपले म्हणणे मांडायला आपला माणूस असावा' हेच तर होते. मुंबईत १९२४ मध्ये लीगल एड सोसायटी निघाली. १९४९ साली मुंबई सरकारने न्यायमूर्ती एन. एच. भगवतींची समिती गरिबांच्या कायदेमदतीसाठी नेमली. प्रत्यक्ष कायदा झाला १९८७ मध्ये आणि तो अमलात आला ९ नोव्हेंबर १९९५ ला. त्याखाली स्त्रिया, मुले, कामगार, अपंग आणि कमी उत्पन्नाचे लोक यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो. अपघाताने अपंग झालेलाही त्यात येतो. आता तर पोलिसांनी न्यायाधिकरणाकडे पाठवलेला अपघाताचा अहवाल हाच अर्ज म्हणून धरायचा असतो. इतके असूनही दवाखान्याच्या व्हरांड्यात गोड बोलणारे गृहस्थ अजून भेटतात. निकालावर फी ठरवू नये, मिळालेल्या रकमेत वकिलाने वाटा घेऊ नये, असा बार कौन्सिलचा नियम आहे. तो ठाऊक असलेला रोगी मला तरी फार क्वचित भेटला.

राहिले अपिलाचे. न्यायाधिकरणाचा निकाल कंपनीला जड वाटला की ती उच्च न्यायालयात जाई, आणि उच्च न्यायालय मुंबईला. कुबड्या घेऊन महालक्ष्मी एक्सप्रेसने रात्र काढलेले किती अशील मी पाहिले. सहा जिल्ह्यांच्या वकिलांनी वर्षानुवर्षे खंडपीठासाठी मोर्चे काढले, कामकाज बंद ठेवले. १७ ऑगस्ट २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते कोल्हापूरच्या सर्किट बेंचचे उद्‌घाटन झाले आणि दुसऱ्या दिवशी कामकाज सुरू झाले. (तारीख पाहिलीत? लंडनची ती बाई मेली तोच दिवस.) जिल्हा न्यायालय आता कसबा बावड्याला आहे. बेंच बसला तो भाऊसिंगजी रस्त्यावरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत, थोरल्या दवाखान्याच्या बरोबर समोर.

दिवस ओसरल्यावर मी एकदा सहज तिथे गेलो. मध्ये फक्त रस्ता. एका बाजूला हाडे जोडतात, दुसऱ्या बाजूला त्यांचे मोल करतात. मामींना मोजून पन्नास पावले चालावी लागली असती. फाटकाशी लोखंडी वॉकर धरून एक तरुण उभा होता, सोबत त्याची आई. त्याच्या हातात प्लास्टिकची पिशवी, तीत एक्स-रेचा मोठा लिफाफा.

"काका, अपघाताचा अर्ज हितंच देत्यात का?"

"इथं नाही, बाळा. आधी बावड्याला, न्यायाधिकरणात. इथं अपील चालतं." मग माझ्या तोंडून आपोआप निघाले, "काम काय करतोस?"

"सेंट्रिंगचं."

"अपघाताला दिवस किती झाले?"

तो आईकडे बघू लागला. माउलीने बोटांवर मोजले. "एकोणपन्नास."

"कागदावर कुठं सही-अंगठा केलाय?"

"एक जण आला हुता," ती म्हणाली. "परवा परत येतो म्हणालाय."

मी खिशातून पेन काढले आणि एक्स-रेच्या लिफाफ्यावर विधी सेवा प्राधिकरणाचे नाव मोठ्या अक्षरांत लिहून दिले.